तेल न घातलेल्या खुर्च्या

सिनेमा संपला तेव्हा हॉलमधलं एकही माणूस हललं नाही, आणि दाराशी उभ्या असलेल्या दादानं समाधानानं दोन्ही हात छातीशी धरले.

वर प्रोजेक्टरच्या खोलीत त्याच्या बहिणीच्या, आत्याच्या, हातांना काही कामच नव्हतं. पूर्वी सिनेमा संपला की रीळ उतरवायचं, उलटं गुंडाळायचं, भिंगं पुसायची. आता एक बटण होतं, आणि तेही यंत्रानं आपलं आपण दाबलं होतं. ती चौकोनी झरोक्याला कपाळ टेकवून खाली बघत राहिली. पडद्यावर नावं वर वर चढत होती, भिंतीवरून मुंग्यांची रांग जावी तशी. तीनशे बारा नव्या खुर्च्या. मऊ पाठी, मऊ हात, पाय टेकायलाही मऊ फळी. त्यांत गल्लीतली साठ-सत्तर माणसं विखरून बसलेली.

दिवे लागले. सगळ्यांत आधी शिंपी हलला. त्यानं डोळे चोळले आणि शेजारच्या बेकरीवाल्याला कोपर मारलं. बेकरीवाला "आलो, आलो" म्हणत ताडकन उठला. दुकानावर गिऱ्हाईक आल्यावर उठतो तसा.

मग टाळ्या झाल्या. सभ्य, नीटनेटक्या, पाहुण्यांच्या घरी वाजवाव्यात तशा.

आत्या लोखंडी जिन्यानं खाली आली तेव्हा बाहेरच्या खोलीत दादाचा आवाज घुमत होता. "एक माणूस हललं नाही! दोन तास पन्नास मिनिटं! आबा असते तर खांद्यावर घेऊन नाचले असते नातवाला."

"भव्य आहे हो," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "आवाज तर फारच छान होता."

"केवढा मोठा पूल उडवला!" शिंपी म्हणाला. "खर्च केवढा झाला असेल!"

चव्वेचाळीस वर्षं आत्या माणसांना हॉलबाहेर पडताना ऐकत आली होती. सिनेमा आवडला की माणूस सिनेमातल्या माणसांबद्दल बोलतं. नाही आवडला की आवाजाबद्दल बोलतं.

पुतण्या, दादाचा मुलगा आणि ह्या सिनेमाचा दिग्दर्शक, दाराशी उभा राहून सगळ्यांचे हात हातात घेत होता. घरात त्याचं नाव झिपऱ्या. लहानपणी पडलेलं नाव. आता डोक्यावर शोधूनही केस सापडला नसता, पण नाव काही गळलं नव्हतं. देशभर ज्याचे सिनेमे एकाच दिवशी हजार पडद्यांवर लागतात, तो माणूस आत्याकडे बघून नापास-पास विचारणाऱ्या पोरासारखा हसला. तिनं त्याच्या गालावर हात फिरवला आणि पुढे सरकली. हात फिरवला, पण 'छान' म्हणाली नाही. त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

*

हॉलच्या मागेच घर. पडद्यामागची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत एकच, त्यामुळे पडद्यावर काय चाललंय ते वहिनींना फळीवरच्या भांड्यांवरून कळायचं. आज दोन बरण्या खाली आल्या होत्या. वहिनींनी काचा गोळा केल्या, पण तोंडावर कौतुकच.

"वाढ गं पोराला," दादा म्हणाला. "जिंकून आलाय."

"जिंकला की नाही ते ठरायचंय अजून." हा धाकटा. तिघा भावंडांतलं शेंडेफळ, पण साठीला टेकलेलं. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान. पाठीचं दुखणं असं की चार पावलांवर एकदा खुर्ची शोधायचा.

"तुझ्या डोळ्यांदेखत झालं ना सगळं? दुसऱ्यांना चष्मे देतोस, एकदा स्वतःचा नंबर काढून बघ."

"मी बघितलं, दादा. पण ठरवायचं कुणी, हे तूच सांगितलं होतंस. ह्याच टेबलावर."

ताटांवरचे हात थांबले. चार दिवसांपूर्वी ह्याच टेबलावर भावाभावांची चांगली जुंपली होती. गेले सहा महिने हॉलमध्ये माणूस फिरकत नव्हतं. शुक्रवारच्या पहिल्या खेळाला कधी अकरा, कधी सात. मोठ्या गावातला एक गादीवाला हॉल मागत होता. त्याला गाद्यांचं गोदाम करायचं होतं. धाकटा म्हणे देऊन टाकू, दादा म्हणे माझ्या मढ्यावरून. शेवटी दादानंच तोडगा काढला होता. झिपऱ्याचा नवा सिनेमा तीन आठवड्यांनी देशभर लागणार, त्याआधी तो आपल्या हॉलमध्ये लावायचा. आपल्या घरचा, सगळ्यांत मोठा. त्यानं माणसं धरली तर हॉल ठेवायचा. नाही धरली, तर गादीवाल्याला होकार. आणि धरली की नाही हे कुणी सांगायचं? "ऑपरेटर सांगेल," दादा म्हणाला होता. "आबांच्या वेळी तीच सांगायची."

गादीवाला उद्या अकराला येणार होता.

"बोल, ऑपरेटर," दादा म्हणाला. बहिणीला तो लाडात आला की असंच हाक मारायचा. "तुझ्या तोंडून ऐकू दे आता."

आत्यानं घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. एक अक्षर म्हटलं की झालं. 'हो.' तेवढ्यानं झरोका राहिला असता, लोखंडी जिना राहिला असता. सोळाव्या वर्षी ती पहिल्यांदा त्या खोलीत गेली होती. लग्न ठरलं, मोडलं, आई गेली, आबा गेले, आणि दर वेळी तिनं डोळे पुसले ते त्याच खोलीत, भिंगं पुसायच्या फडक्यानं. हॉल राहावा असं ह्या टेबलावर तिच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. दादालाही नाही.

"आधी जेवून घ्या," ती म्हणाली.

"वन्सं!" वहिनी हसल्या. "जीव टांगणीला लावू नका हो."

"मला ऐकू आलं नाही, दादा."

"काय ऐकू आलं नाही? एवढे बॉम्ब फुटले!"

"हॉल ऐकू आला नाही मला."

मग धाकट्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला, हळूच. त्याला कळलं होतं.

आबांच्या हॉलमध्ये एक नियम होता, आणि तो नियम बहुतेक जगातल्या कुठल्याच थिएटरात नसेल. खुर्च्यांना तेल घालायचं नाही. लोखंडी पाय, लाकडी बैठक, उठलं की आपोआप वर जाणारी. इतर मालक दर महिन्याला बिजागऱ्यांत तेल सोडत. आबा म्हणत, खुर्ची गप्प केली तर माणसाचं मन कोण सांगेल? आवाज मंद करायचा, झरोका उघडा ठेवायचा, आणि अंधारात खुर्च्या ऐकायच्या. गोष्ट रंगली की तीनशे खुर्च्या श्वास धरतात. रटाळ झाली की कुरकुर सुरू होते, आधी एका कोपऱ्यात, मग रांगेरांगेनं, शेतातून वारा जातो तशी. दादानं तरुणपणी एकदा दया येऊन सहा खुर्च्यांना तेल घातलं होतं. आबांनी त्याला त्या सहाही खुर्च्या रॉकेलनं धुवायला लावल्या.

आणि सात वर्षांपूर्वी झिपऱ्याचा पहिला मोठा सिनेमा चालला. पोरानं कमाईतून घरच्या हॉलला तीनशे बारा खुर्च्या भेट दिल्या. मऊ, रुंद, मुक्या. घरभर आनंदीआनंद. आत्यानंही टाळ्या वाजवल्या होत्या, तेच तिला आता आठवत होतं. आपणच टाळ्या वाजवल्या आणि आपलेच कान काढून दिले. त्यानंतर हॉल हळूहळू रिकामा होत गेला, आणि का होतोय ते सांगायला कुणी उरलंच नाही.

"चोवीस जुन्या खुर्च्या आहेत पडद्यामागे," आत्या म्हणाली. "चार-चारच्या सहा रांगा. त्या पुढे मांडू. दुपारी पुन्हा लावू सिनेमा. मग सांगते."

"म्हणजे आत्ताचं उत्तर नाही असंच ना?" दादाचा आवाज खाली आला. रागावला की तो ओरडायचा नाही, हळू बोलायचा.

"आत्ताचं उत्तर माहीत नाही असं आहे."

"वन्सं, पोरगं तीन वर्षं राबलंय," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या एका 'हो'नं काय बिघडणार होतं?"

"काहीच बिघडलं नसतं, वहिनी. तेच नको वाटतं."

झिपऱ्या ताटातल्या भातावर बोटानं रेघा ओढत होता. "हलले नाहीत ना पण," तो म्हणाला. "मी मागे उभा होतो, आत्या. एक माणूस उठला नाही."

"मी बोलू?" इतका वेळ गप्प बसलेली बारकी म्हणाली. धाकट्याची मुलगी, दवाखान्यात नर्स, रात्रपाळी करून थेट सिनेमाला आलेली. "रागावू नकोस, झिपरू. आम्ही मैत्रिणी थिएटरात जाणंच सोडलंय. ट्रेलर बघितला की सगळा सिनेमा बघितल्यासारखा वाटतो. जो मरणार तो मरणार, आणि मेलेला परत येणार, कारण पुढचा भाग काढायचा असतो. मग घाबरायचं कशाला आणि रडायचं कुणासाठी? आज त्या खुर्चीत मला काय छान वाटलं सांगू? पाय वर घेता आले. रात्रभर उभी होते."

"म्हणजे आवडला नाही."

"आवडला-नावडला इतकं काही घडलंच नाही रे."

हे लागलं. टाकून बोललेलं लागत नाही इतकं हे लागलं. झिपऱ्या पाणी प्यायला, त्यानं पेला खाली ठेवला, आणि आत्याकडे न बघताच म्हणाला, "मांडा खुर्च्या."

"मी उचलतो," धाकटा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "तुझी पाठ?" दादानं विचारलं.

"पाठीला काय विचारायचंय? ती कुठल्या पक्षात आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

दादाला हसू आलं नाही. त्याला वाटलं, धाकटा आणि बहीण एक झाले. वहिनींनाही तसंच वाटलं. खरं तर धाकट्यालाही तसंच वाटत होतं. आत्या एकटीच कुणाच्या बाजूला नव्हती, आणि तिला ते टेबलावरच्या रिकाम्या जागेसारखं जाणवत होतं.

*

पडद्यामागे धुळीचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. बारकी आणि झिपऱ्या एकेक रांग उचलून नेत होते, धाकटा 'इकडून, इकडून' म्हणत दार धरून उभा. आत्या ओल्या फडक्यानं बैठका पुसत होती. कुणीतरी नखानं कोरलेली नावं, बदाम, एक गणित. वहिनी आल्या आणि दुसरं फडकं घेऊन शेजारी बसल्या.

"वन्सं."

"हं."

"त्या पुलावरच्या मारामारीत..." वहिनींनी मागे बघितलं. मुलगा लांब होता. "मी डोळे मिटले होते."

"झोपलात?"

"झोपले कुठे! पालेभाजी निवडायची राहिली होती. ती मनात निवडत होते. एक जुडी निवडून झाली, दुसरी झाली, तरी पूल पडेना हो." त्यांचे डोळे भरले, आणि त्याच वेळी हसूही आलं. "आईनं मुलाच्या सिनेमात भाजी निवडावी का?"

आत्यानं त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघींचेही हात धुळीनं काळे झाले होते.

"कुणाला सांगू नका," वहिनी म्हणाल्या.

"मी कशाला सांगू? खुर्ची सांगेल."

*

तीन वाजता खेळ सुरू झाला. सकाळच्यांपैकी कुणी पुन्हा यायला तयार नव्हतं, बेकरीवाला तर हात जोडून म्हणाला, "आता भट्टी लावायचीय." तेव्हा बारकीनं आपल्या नर्स मैत्रिणी आणल्या, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणला, त्याची बायको आणि सासूही आणली. बाकीच्या खुर्च्यांवर घरचे बसले. चोवीसच्या चोवीस भरल्या.

वर झिपऱ्या स्टुलावर बसला. ह्याच स्टुलावर तो लहानपणी पाय हलवत बसायचा. आत्यानं खोलीतला भोंगा बंद केला, हॉलमधला आवाज निम्म्यावर आणला आणि झरोक्याची काच सरकवली.

"एवढा कमी आवाज?" तो म्हणाला. "ह्या सिनेमाचा आवाज म्हणजे..."

"तुझा आवाज मला माहीत आहे. त्यांचा ऐकू दे."

पहिली दहा मिनिटं काही नाही. झिपऱ्याचे खांदे थोडे सैल झाले. अकराव्या मिनिटाला खालून आलं, कुर्र.

"काका आहेत," तो लगेच म्हणाला. "त्यांची पाठ धरायची नाही."

"ती मी धरतच नाही. ही डावीकडची ऐक."

कुर्र. मग उजवीकडे. मग मधोमध दोन, एकमेकींना उत्तर दिल्यासारख्या. आत्या डोळे मिटून सांगत होती. ही पाठ अवघडल्याची. ही मांडी बदलल्याची. ही लांब ओढलेली आहे ना, ती उठावं-की-बसावं ची, ती सगळ्यांत वाईट. नायक हेलिकॉप्टरमधून उडी मारत होता तेव्हा उठावं-की-बसावं चार ठिकाणी झाली. खलनायक परत जिवंत झाला तेव्हा सगळ्या सहा रांगा एकदम वाजल्या, आणि इस्त्रीवाल्याची सासू मोठ्यानं म्हणाली, "हा पुन्हा आला का मेला!"

झिपऱ्या एकदम हसला. मग हसू ओसरलं आणि तो म्हणाला, "लिहायला काही आहे का?"

तिनं खणातून जुन्या तिकिटांचा गठ्ठा काढून दिला. गुलाबी, हिरवी, पिवळी. तो पाठकोऱ्या बाजूवर मिनिटं लिहायला लागला आणि एकेक तिकीट कुठं ठेवू म्हणून बघायला लागला. तेव्हा आत्यानं फळीवरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा उतरवला.

"आबांचा डबा," तो म्हणाला. "हा अजून आहे?"

तीन खेळ लागोपाठ एकाच जागी खुर्च्या वाजल्या की आबा कात्री घ्यायचे. तेवढी पट्टी कापायची, ह्या डब्यात ठेवायची, आणि सिनेमा परत पाठवायच्या आदल्या दिवशी जिथली तिथं चिकटवायची. दिग्दर्शकांना कधी पत्ता लागला नाही. एकदाच एक पट्टी चिकटवायची राहिली. पडद्यावरची एक बाई जिना चढते, एवढंच होतं तिच्यात. डब्याच्या तळाशी ती अजून होती, वेटोळं करून.

"म्हणजे ती बाई?"

"त्या दिवसापासून जाईल तिथं न चढताच वर पोचते."

तो पट्टी उजेडात धरून बघत राहिला. आत्याचे हात सवयीनं हवेत फिरले, रीळ उलटं गुंडाळल्यासारखे, आणि ती गुणगुणली. तिची आई रीळ गुंडाळताना म्हणायची ते, आईनंच जुळवलेलं.

फिरव गं रीळ, उलटं गुंडाळ,
सरलेली वेळ, हाती येई.
हाती येई वेळ, माणूस न येई,
खुर्ची त्याची राही, मोकळी गं.

खाली पुलावरची मारामारी लागली होती. कुरकुरीला आता खंड नव्हता. घरावरचे पत्रे उडावेत तसा हॉल वाजत होता. झिपऱ्यानं तिकिटं लिहिणं थांबवलं. एवढं लिहायचं काय? डबा अर्ध्यावर आला होता.

"आत्या, जेवताना तू 'हो' म्हणाली असतीस तर हॉल वाचला असता."

"हं."

"तुला तर हवाय हॉल."

"हवाय म्हणून तर. खोटं बोलून ठेवला तर मग तो गोदामच. गाद्या ठेवल्या काय आणि माणसं झोपवून ठेवली काय."

त्याला उत्तर द्यायचं होतं, पण तिनं हात वर केला. "थांब."

काहीच ऐकू येत नव्हतं.

एक नर्स खोकणार होती, ती खोकली नाही. सहा रांगा, चोवीस लाकडी बैठका, आणि पानही हलू नये तसं. आत्यानं इतका वेळ पडद्याकडे बघितलंच नव्हतं, सकाळीही नाही. तिची नजर नेहमी माणसांवर. आता तिनं बघितलं. नायक घरी आलाय. दारात उभा आहे, अंगावरच्या शर्टाची गुंडी तुटून लोंबतेय. त्याची मोठी बहीण उठते, सुईत दोरा ओवते, आणि शर्ट अंगावर असतानाच गुंडी शिवायला लागते. कुणी बोलत नाही. तो मान वर करून उभा, ती वाकून. एकदा सुई टोचते. तो हलत नाही. शेवटी ती पुढे होऊन दातानं दोरा तोडते, आणि तोडताना तिचं कपाळ क्षणभर त्याच्या छातीला टेकतं.

कपाळ टेकवायची ती पद्धत आत्यानं ओळखली. दोन रिळांच्या मधल्या वेळेत, ह्याच स्टुलावर उभं करून, ती एका पोराच्या गुंड्या शिवायची. शाळेत रोज भांडून यायचा आणि आईला कळू नये म्हणून आधी वर यायचा.

"निर्माते म्हणाले, हे काढ," झिपऱ्या हळूच म्हणाला. "म्हणाले, इथं लोक पाणी प्यायला उठतील. मी भांडून ठेवलं. का ठेवलं ते मलाच सांगता येईना. इथं मी काही केलंच नाही, आत्या. नुसतं आठवलं."

पडद्यावर हेलिकॉप्टर परत आलं. खाली कुर्र झालं.

आत्यानं फडकं शोधलं. भिंग काही पुसायचं नव्हतं.

*

दिवे लागले तेव्हा बाहेर ऊन कलायला आलं होतं. नर्सा पाळीवर गेल्या, इस्त्रीवाला सासूला आधार देत गेला. घरचे तेवढे बसून होते. दादा पहिल्या रांगेत, ताठ. त्यानं सगळं ऐकलं होतं. आबांचाच मुलगा तो, त्याला काय सांगायचं? वहिनी त्याच्या शेजारी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"बोल," तो म्हणाला. ह्या वेळी 'ऑपरेटर' म्हणाला नाही.

"नाही धरलं, दादा."

त्यानं मान हलवली, दोनदा. "ठरलं तर मग. उद्या अकरा वाजता."

"थांब जरा," धाकटा म्हणाला. तो दुसऱ्या रांगेत कडेला बसला होता, एक हात कमरेवर. "ताई, नीट सांग. एकदाही नाही?"

"एकदा. गुंडी शिवते तेव्हा. दोन मिनिटं."

"सगळ्या खुर्च्या?"

"सगळ्या."

"माझीसुद्धा?"

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. "तुझीसुद्धा."

धाकट्यानं कमरेवरचा हात काढला. मग दादाकडे वळून म्हणाला, "मग धरलं की."

"दोन मिनिटांवर हॉल चालतो होय रे? हॉल विकायला तूच टपून बसला होतास ना?"

"दादा, ही पाठ चार वर्षं मला बसू देत नाही. जेवताना नाही, दुकानात नाही, झोपेत नाही. आणि ती दोन मिनिटं गप्प बसली, ते मला ताई म्हणाली तेव्हा कळलं." त्यानं चष्मा काढून पुसला. "मला वाटत होतं, माणसंच बदलली. त्यांना आता कुणी धरू शकत नाही, मग हॉल कशाला ठेवायचा? पण माणसं तीच आहेत. मीच तो आहे. धरणाऱ्यांनी हात सोडलाय, एवढंच. उद्या मी नाही म्हणतो गादीवाल्याला. तुला म्हणायचं असेल तर तू हो म्हण."

आयुष्यभर दादानं ज्या भावाशी भांडायची तयारी करून ठेवली होती, तो असा समोरून त्याच्याच बाजूला येऊन बसला होता. "तुझी पाठ आहे ना, ती लबाड आहे," दादा म्हणाला.

"आपल्या घराण्याचीच आहे."

झिपऱ्या डबा घेऊन खाली आला होता. तो पहिल्या मऊ रांगेपाशी थांबला, स्वतः दिलेल्या रांगेपाशी, आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "बाबा, तीन आठवडे आहेत हातात. मी इथंच राहतो. रोज लावतो, रोज कापतो. निर्मात्यांशी काय भांडायचं ते भांडेन. पण ह्या पुढच्या रांगा काढाव्या लागतील. चोवीस खुर्च्यांत नीट ऐकू येत नाही. जुन्या आणखी कुठं असतील?"

"शाळेनं नेल्या होत्या चाळीसएक," वहिनी पटकन म्हणाल्या. "मी बाईंना विचारते."

"आणि ह्या मऊ?" बारकीनं विचारलं. "एक मला ठेवा. रात्रपाळीनंतर."

"बाकीच्या गादीवाल्याला," दादा म्हणाला. अगदी गंभीर चेहऱ्यानं. "त्याला मऊच हवंय ना? उद्या येतोच आहे, रिकाम्या हातानं जाऊ देऊ नये."

पहिल्यांदा वहिनी हसल्या, मग धाकटा, आणि हसताना त्याची खुर्ची वाजली.

"आत्या," झिपऱ्या म्हणाला, "तू बस इथं. गुंडीचा भाग मी लावतो."

"मी?"

"तू खाली बसून कधी बघितलंयस?"

नव्हतं बघितलं. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही नाही. आत्या तिसऱ्या रांगेत, मधोमध, एखाद्या परक्या घरी बसावं तशी बैठकीच्या कडेला टेकून बसली. वर जिन्यावर त्याची पावलं वाजली. दिवे गेले. झरोक्यातून उजेडाचा झोत तिच्या डोक्यावरून गेला. इतकी वर्षं तो तिच्या हातातून निघायचा.

दारात एक माणूस. लोंबती गुंडी. सुई, दोरा. पाच माणसं पाच खुर्च्यांवर, आणि कसलाही आवाज नाही, इतका नाही की पडद्यावर दातानं दोरा तुटला तो ऐकू आला. आत्याच्या शेजारी कधी येऊन बसला होता कोण जाणे, दादानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

मग तो माणूस घराबाहेर पडला, धूर आला, हेलिकॉप्टर आलं, पुन्हा पूल आला.

पहिली खुर्ची वाजली ती वहिनींची. लांब ओढलेली, उठावं-की-बसावं ची.

आणि वरच्या झरोक्यातून आवाज आला, "ऐकलं गं, आई! लिहून घेतो!"